संगणकीय खेळांचे इन्स्टॉलर आणि त्यांचे जतन : वहनीय हार्ड डिस्क, व्यवहार व कायदा

प्रस्तावना

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी संगणक पोहोचला तो प्रथम कार्यालयात, नंतर शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आणि सर्वांत शेवटी घरात. त्याच्या पाठोपाठ संगणकीय खेळही आले. नांदेड-देगलूर मार्गावरील नायगावसारख्या गावी हे खेळ महाजालातून क्वचितच येत. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या जोडणीवर काही मेगाबाइटची फाईल उतरवून घेणे हेही दिवसभराचे काम होते. खेळ येत ते सीडीवर आणि पुढे पेनड्राईव्हवर. २००१ मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या 'डिजिट' या इंग्रजी मासिकासोबत सीडी व पुढे डीव्हीडी मिळत असे आणि तिच्यावर मोफत आज्ञावली व खेळांच्या नमुना-आवृत्त्या असत. अशी एक सीडी गावात अनेक हातांतून फिरे. तिच्यावरील फाईल कोणीतरी आपल्या संगणकात उतरवून ठेवी आणि त्या काळात जतन म्हणावे ते एवढेच होते.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१६ नंतर मोबाईल इंटरनेट स्वस्त झाले, खेळ अंकीय दुकानांतून थेट विकत मिळू लागले आणि 'हवा तेव्हा पुन्हा उतरवून घेऊ' ही धारणा रूढ झाली. ही धारणा कितपत विश्वासार्ह आहे, खेळाचा इन्स्टॉलर वहनीय साधनावर जपून ठेवण्याची गरज का पडते, तो कसा जपावा आणि भारतीय कायदा त्यास कोठवर मुभा देतो, यांचा विचार येथे केला आहे. वरवर पाहता हा विषय विद्यार्थ्यांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु संगणकशास्त्र, दृश्यकला, लोकसाहित्य व पुराणकथा यांच्या अध्यापकांसमोर खेळ हा अभ्यासविषय म्हणून येऊ लागला आहे, आणि अभ्यासविषयाची मूळ प्रतच हाती नसेल तर अभ्यास कशाचा करावयाचा, हा प्रश्न करमणुकीचा उरत नाही.

इन्स्टॉलर म्हणजे नेमके काय

खेळ विकत घेतल्यावर ग्राहकाच्या हाती तीन वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि त्यांत गल्लत होते. पहिली म्हणजे स्वयंपूर्ण इन्स्टॉलर. यात खेळाची सर्व सामग्री असते. महाजालाशी जोडणी नसतानाही तो कोणत्याही योग्य संगणकावर चालवता येतो. २००८ मध्ये पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या समूहाने सुरू केलेले 'जीओजी' हे दुकान असे इन्स्टॉलर देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. दुसरी म्हणजे काही मेगाबाइटचा छोटा इन्स्टॉलर. तो चालवला की खरा खेळ विक्रेत्याच्या सर्व्हरवरून उतरू लागतो. ही फाईल जपून ठेवणे म्हणजे घर न घेता घराचा पत्ता जपून ठेवण्यासारखे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे संगणकावर स्थापित झालेला फोल्डर किंवा 'स्टीम'सारख्या दुकानाच्या आज्ञावलीने तयार केलेला बॅकअप. याने पुन्हा उतरवून घेण्याचा वेळ वाचतो, परंतु तो पूर्ववत करण्यासाठी त्याच दुकानाचे खाते, त्याच दुकानाची आज्ञावली आणि बहुधा महाजालाची जोडणी लागते.

हा फरक तालुक्याच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष जाणवतो. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ व विंडोज ८ या प्रणालींना पाठिंबा देणे थांबवले. जुने संगणक असलेल्या प्रयोगशाळेत त्या प्रणालीसाठीच बनलेले खेळही या दुकानामार्फत चालण्याची शाश्वती त्यामुळे संपली. संगणक व खेळ दोन्ही जुनेच आहेत आणि दोन्ही ठाकठीक आहेत. बदलला तो मधला दरवाजा. त्याच खेळाचा स्वयंपूर्ण इन्स्टॉलर ज्याच्या हार्ड डिस्कवर आहे त्याचे काही अडले नाही.

विकत घेतलेले नाहीसे कसे होते

खेळ नाहीसा होण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक कारणाविरुद्ध बॅकअपचा उपयोग सारखा होत नाही. सर्वांत ठळक उदाहरण युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे आहे. २०१४ मध्ये आलेल्या या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, आणि त्यानंतर खेळाडूंच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. एकट्याने खेळतानाही हा खेळ सर्व्हरवर अवलंबून असल्याने मूळ डिस्क जपलेल्यांच्या हातीही काही उरले नाही. याच प्रकरणातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, अंकीय वस्तू विकताना ग्राहकास केवळ परवाना मिळतो हे स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. यात खेळ राहतो, पण तोच राहत नाही. भारतात मोठ्या प्रमाणावर खेळल्या गेलेल्या 'व्हाइस सिटी' या खेळातील काही गाण्यांचे परवाने संपल्यामुळे २०१२ मध्ये स्टीमवरील आवृत्तीतून ती गाणी वगळण्यात आली. २०१४ मध्ये 'सॅन अँड्रियास' या खेळाच्या बाबतीतही असेच घडले. २०२१ मध्ये नवी एकत्रित आवृत्ती येण्याच्या सुमारास हे जुने खेळ अंकीय दुकानांतून काढूनच टाकण्यात आले. ग्राहकांच्या नाराजीनंतर कंपनीने ते आपल्या दुकानात परत आणले. ज्याने मूळ डिस्क जपली त्याच्याकडेच खेळाचा मूळ पाठ राहिला. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचे महत्त्व साहित्याच्या अध्यापकास वेगळे सांगावयास नको.

तिसरे कारण कार्यप्रणालीतील बदल. २००० च्या दशकातील अनेक खेळांच्या सीडीवर नक्कल रोखण्यासाठी 'सेफडिस्क' नावाचे संरक्षण होते. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा चालक सुरक्षेच्या कारणास्तव ठेवला नाही आणि त्याच वर्षी जुन्या प्रणालींतही तो अद्ययावतीकरणाद्वारे बंद केला. रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी नव्या संगणकात निरुपयोगी ठरली, आणि ज्या खेळांना कसलेच संरक्षण नव्हते त्यांची साधी प्रत मात्र अनेकदा विनासायास चालली. या उलट्या न्यायावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

मुंबईतील एक उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. रिलायन्स अनिल धीरूभाई अंबानी समूहाने २००६ मध्ये सुरू केलेल्या 'झपक' या संकेतस्थळावर सायबर कॅफेत बसून खेळणारी एक पिढी होती. हे खेळ ब्राउझरमध्येच चालत. त्यांपैकी कितीतरी फ्लॅश तंत्रावर आधारलेले होते. त्यांना इन्स्टॉलरच नव्हता, त्यामुळे सामान्य खेळाडूने जपून ठेवावे असे काही त्याच्या हाती आलेच नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील सामग्री चालणेच रोखले. 'फ्लॅशपॉइंट' या स्वयंसेवी प्रकल्पाने जगभरातील असे असंख्य खेळ गोळा केले म्हणून त्यांतील काही वाचले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत.

पुण्याची 'राजी'

आपल्या राज्यातील निर्मितीकडे वळल्यास हा प्रश्न अधिक जवळचा होतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक आणि इतर यंत्रांवर प्रकाशित झाला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. देव-असुर संघर्षाच्या पार्श्वभूमीवर आपल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा आहे. तिच्या दृश्यरचनेत राजस्थानी वास्तुशैली व पहाडी लघुचित्रांचा प्रभाव दिसतो. २०२२ मध्ये याच खेळाची सुधारित आवृत्ती आली व तिच्यात हिंदी संवादांची भर पडली.

म्हणजे अवघ्या दोन वर्षांत या खेळाचे दोन पाठ तयार झाले. अंकीय दुकाने सामान्यतः नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीवर चढवतात. २०२० मधील मूळ इंग्रजी संवादांचा पाठ आणि नंतरचा पाठ यांची तुलना करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास पहिला पाठ कोठून मिळणार? त्या वेळी ज्या कोणी ग्राहकाने आपली प्रत जपून ठेवली असेल त्याच्याकडूनच. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत स्थापन केलेल्या 'इंडियागेम्स'ने बटणांच्या मोबाईलसाठी केलेल्या खेळांची अवस्था तर याहून बिकट आहे. ही कंपनी पुढे यूटीव्हीकडे व तेथून डिस्नेकडे गेली. ते खेळ ज्या यंत्रांवर होते ती यंत्रेच भंगारात गेली.

साधनाची निवड

साठवणुकीसाठी कोणते साधन घ्यावे याचे उत्तर नायगावच्या हवामानाकडे व विजेकडे पाहून द्यावे लागते. पेनड्राईव्ह व एसएसडी या दोहोंत माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म पेशींत साठवलेली असते आणि हा भार कालांतराने गळतो. उष्णता वाढली की गळतीचा वेग वाढतो. वापराची विहित मर्यादा संपलेल्या साध्या एसएसडीने वीज न मिळता ३० अंश सेल्सिअस तापमानात १ वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा 'जेडेक' या संस्थेचे मानक ठेवते. नवी एसएसडी अर्थातच याहून बराच काळ टिकते. परंतु नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीतील लोखंडी कपाट तर त्याहूनही तापते. अशा कपाटात पेनड्राईव्ह ठेवून पाच वर्षांनी तो उघडण्याची अपेक्षा धरणे हे जतन नव्हे. बाजारातील स्वस्त पेनड्राईव्हवर छापलेली क्षमता कित्येकदा खोटीही असते. ६४ जीबी लिहिलेल्या साधनात प्रत्यक्षात ८ जीबी असतात, आणि त्यानंतरच्या फाईली नावाने दिसतात पण आतून रिकाम्या निघतात. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' या मोफत आज्ञावलीने संपूर्ण साधन भरून व परत वाचून ही तपासणी करता येते. नवीन साधन आणल्यावर पहिले काम हेच असावे.

फिरत्या तबकडीची अडीच इंची वहनीय हार्ड डिस्क या कामास अद्याप अधिक योग्य आहे. तिच्यातील माहिती चुंबकीय असल्याने विजेवाचून वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच किमतीत जागा अधिक मिळते. तिचे शत्रू दोन : चालू असताना बसणारा धक्का आणि लिहित असताना जाणारी वीज. भारनियमनाचा काळ मराठवाड्याच्या स्मरणात आहे आणि आजही पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून नक्कल करण्याचे काम यूपीएस जोडलेल्या संगणकावर किंवा बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर करावे. घरगुती सीडी-आरवर ठेवलेल्या जुन्या प्रती शिल्लक असतील तर त्या विनाविलंब हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण त्यांच्यातील रंगद्रव्याचा थर उजेडाने व उष्णतेने बिघडतो.

साधन कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेले आहे यावरही बरेच अवलंबून असते. जुने पेनड्राईव्ह बहुधा 'फॅट-३२' पद्धतीचे असतात व त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. ३० जीबी जागा मोकळी दिसत असूनही फाईल मोठी असल्याचा संदेश का येतो, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न यातून सुटतो. 'एक्सफॅट'मध्ये ही मर्यादा नाही व ती विविध प्रणालींवर चालते. मात्र 'एनटीएफएस' पद्धतीत बदलांची नोंदवही ठेवली जात असल्याने मध्येच वीज गेल्यास फाईलव्यवस्था कोलमडण्याचा धोका कमी असतो. केवळ विंडोजचे संगणक असलेल्या महाविद्यालयाने एनटीएफएसच निवडावी.

वेळेचा हिशोब पाहता वहनीय डिस्कचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. ६० जीबीचा खेळ १० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाच्या जोडणीवर उतरवण्यास, ती एकदाही खंडित झाली नाही असे धरले तरी, १३ तास २० मिनिटे लागतात. दिवसाला २ जीबी मिळणाऱ्या मोबाईल योजनेवर त्यास पूर्ण महिना लागेल. तोच इन्स्टॉलर यूएसबी-३ च्या हार्ड डिस्कवरून १०० मेगाबाइट प्रतिसेकंद वेगाने १० मिनिटांत येतो.

प्रत शुद्ध आहे याची खात्री

फाईल दिसते म्हणून ती शाबूत आहे असे नव्हे. मोठ्या खेळाचा इन्स्टॉलर बहुधा एक 'ईएक्सई' फाईल व तिच्या सोबतच्या अनेक 'बिन' फाईली अशा भागांत विभागलेला असतो. त्यांतील एक भाग राहून गेला किंवा बिघडला की उर्वरित सर्व भाग वाया जातात, आणि हे कळते ते स्थापना अर्ध्यावर आल्यावर. यावर उपाय हॅशचा. 'एसएचए-२५६' या पद्धतीने कोणत्याही फाईलवरून ६४ चिन्हांची एक ओळ काढता येते. फाईलमधील एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. विंडोजमध्येच असलेल्या 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती मिळते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फाईल प्रथम उतरवल्यावर ही ओळ एका साध्या मजकूर-फाईलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा काढून ताडून पाहावी.

ही दक्षता विषाणूंच्या बाबतीतही उपयोगी आहे. २००० च्या दशकात आपल्या प्रयोगशाळांत पेनड्राईव्हमधून 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' हा विषाणू घरच्या पाहुण्यासारखा वावरत असे. त्याहून घातक होता 'सॅलिटी', कारण तो ईएक्सई फाईलींच्या आतच शिरून बसे. इन्स्टॉलर हीही ईएक्सईच. अशा संगणकाला हार्ड डिस्क जोडली की जपलेला संपूर्ण संग्रह एका दुपारीत दूषित होत असे. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राईव्ह जोडताच आपोआप आज्ञा चालण्याची सोय जुन्या प्रणालींतही बंद केली आणि हा उपद्रव ओसरला, पण प्रयोगशाळांतील जुने पेनड्राईव्ह अद्याप फिरतच आहेत. फाईलच्या गुणधर्मांत निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी ग्राह्य दिसत नसेल किंवा हॅश जुळत नसेल, तर ती प्रत चालवू नये.

फोल्डरमध्ये इन्स्टॉलरसोबत आणखी काय असावे, याचा विचार बहुधा कोणी करत नाही. खेळाच्या दुरुस्त्या, पूरक भाग, अनुक्रमांक, खरेदीची पावती, मार्गदर्शिका, आणि खेळास लागणारे 'डायरेक्टएक्स' व 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'चे साहाय्यक संच हे सर्व एकत्र असल्याखेरीज दहा वर्षांनंतर इन्स्टॉलर एकटा पुरा पडणार नाही. शेवटची कसोटी सोपी आहे : संगणकाची महाजाल-जोडणी काढून टाकावी आणि खेळ हार्ड डिस्कवरून स्थापित करून सुरू करून पाहावा. या कसोटीस जो उतरत नाही त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

प्रतींच्या संख्येबाबत अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेले सूत्र सर्वमान्य आहे. एकूण ३ प्रती, २ भिन्न प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी १ अन्य ठिकाणी. महाविद्यालयाच्या बाबतीत एक प्रत प्रयोगशाळेतील संगणकात, एक वहनीय डिस्कवर ग्रंथालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत, अशी व्यवस्था कमी खर्चात होऊ शकते.

कायद्याची चौकट

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) (एए) नुसार संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्या व्यक्तीस हानी, नाश किंवा बिघाड यांपासून निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. मात्र ज्या हेतूसाठी ती आज्ञावली पुरवली गेली त्याच हेतूसाठी तिचा वापर झाला पाहिजे. यातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. बॅकअप प्रत हा विमा आहे, दुसरा संच नव्हे. एक परवाना घेऊन तीस संगणकांवर खेळ स्थापित करणे किंवा वर्गात हार्ड डिस्क फिरवणे या मुभेत बसत नाही. नक्कल असल्याचे माहीत असूनही आज्ञावली वापरल्यास कलम ६३ बी अन्वये किमान ७ दिवसांच्या कारावासाची व किमान ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ ए हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हाही गुन्हा ठरवते. संरक्षण नसलेला इन्स्टॉलर देणाऱ्या विक्रेत्याकडून खेळ घेणे हे म्हणूनच संस्थेच्या दृष्टीने सर्वांत निर्वेध ठरते.

ग्रंथालयांच्या बाबतीत मात्र कायद्यात एक चमत्कारिक पोकळी आहे. २०१२ च्याच दुरुस्तीने कलम ५२ (१) (एन) मध्ये अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याची परवानगी दिली, पण त्या कृतीची बिगर-अंकीय प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे अशी अट घातली. संगणकीय खेळ जन्मतःच अंकीय असतो. त्याची बिगर-अंकीय प्रत असणेच शक्य नाही. पुस्तकांसाठी केलेली तरतूद येथे लागू पडत नाही. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार नांदेडमध्ये छापलेल्या मराठी पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जमा करणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. पुण्यात तयार झालेल्या 'राजी'साठी असे कोणतेही बंधन नाही आणि तशी प्रत स्वीकारण्याची जागाही नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने ही व्याप्ती बहुमाध्यमी कृतींपर्यंत वाढवली आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आज संगणकीय खेळांचा संग्रह आहे.

तोपर्यंत मराठी मुलखात तयार झालेल्या खेळांच्या मूळ आवृत्त्या जेथे असतील तेथे, म्हणजे ग्राहकांच्या व निर्मात्यांच्या खाजगी हार्ड डिस्कवर आहेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या नावे रीतसर विकत घेतलेल्या खेळांची पावती, परवान्याच्या अटी, हॅशची नोंद व तपासणीची तारीख दाखलनोंदवहीत ठेवली, तर निदान त्या प्रती कोणत्या, कोणत्या आवृत्तीच्या आणि शाबूत आहेत किंवा नाहीत, हे पुढील अभ्यासकास सांगता येईल. अशी नोंद सुरू करण्यास नव्या अनुदानाची गरज नाही. एक टेराबाइटच्या दोन डिस्क आणि जून महिन्यातील अर्धा दिवस त्यास पुरतो.